मे महिन्यात पुणे ते नागपूर बाईकवर – जॅकेट कुठलं घ्यावं? जाळीवालं की बंद?

टाकीफुल्ल
मंडळी सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. मेव्हण्याचं लग्न आहे नागपूरला, ३० मे. बायको आणि लेक आधीच ट्रेनने जाणार, मला सुट्टी उशिरा मिळतेय म्हणून २६ ला पहाटे बाईकने निघायचा विचार आहे. विचार कसला, ठरलंच आहे, घरी फक्त सांगायचं बाकी आहे. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे जुना रस्ता: नगर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा.

माझ्याकडे एक काळं ऑल वेदर जॅकेट आहे, लडाखसाठी घेतलेलं. मागच्या एप्रिलमधे तेच घालून जालन्यापर्यंत गेलो होतो, लायनर म्हणजे आतलं अस्तर काढून. पंपावर थांबून चेन उघडली तर कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ आली हो तोंडावर. पेट्रोल टाकणारा पोरगा म्हणाला साहेब आजारी आहात का. त्यानंतर शपथ घेतली की उन्हाळ्यासाठी वेगळं घ्यायचं.

बजेट १५ हजार, त्यात जॅकेट आणि हातमोजे बसवायचेत. हेल्मेट आहे, फुल फेस. तो कूलिंग वेस्ट नावाचा प्रकार, पाण्यात भिजवून जॅकेटच्या आत घालायची बंडी, खरंच चालतो का नुसताच पैसे काढायचा धंदा आहे?

नुसताच_वाचक
ट्रेनने जा.

संत्राबर्फी
काहून जिवावर उठले भाऊ? २५ तारखेपासून आमच्याइकडे नवतपा लागते. त्या नऊ दिवसांत नागपूरचा माणूस दुपारी गल्लीतल्या किराण्याच्या दुकानात जात नाही अन् तुम्ही पुण्याहून बाईकवर येऊन राहिले. २०२४ च्या मे मधे आमच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं, मग हवामान खात्यानं सांगितलं का सेन्सर बिघडला होता. म्हणजे पाहा, मशीनचं डोकं फिरलं, तुमचं तं फिरनच.

पण येतच असाल तं या, आमच्याइकडे पाहुण्याले नाही म्हणत नाही.

मुठा_रायडर
सरळ मेश म्हणजे जाळीवालं जॅकेट घे, विषय संपला. राइनॉक्स, वायाटेरा, रॉयल एनफिल्ड सगळ्यांची मेश जॅकेटं तुझ्या बजेटमधे मिळतील. फक्त दुकानात जाऊन अंगात घालून बघ, ऑनलाइन साइजवर भरवसा ठेवू नको, आणि बाईकवर बसतोस तसे हात पुढे करून बघ, उभं राहून सगळीच जॅकेटं बरोबर बसतात.

बघायचं काय तर जाळी कुठे आहे. छाती, पाठ, दंडाची आतली बाजू इथे जाळी असली तर चालेल. खांदा, कोपर आणि कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू, जिथे पडल्यावर आधी घासतं, तिथे जाड कापडच हवं. काही स्वस्त जॅकेटांत खांद्यावरसुद्धा जाळी असते, दिसायला हवेशीर, रस्त्यावर किसणीवर गाजर. आतल्या लेबलवर ईएन १७०९२, म्हणजे रायडिंग कपड्यांचं युरोपियन मानक, लिहिलंय का बघ, त्यापुढे एएए, एए, ए असे वर्ग असतात. मेशवाली बहुतेक ए किंवा एए मधे येतात. ए म्हणजे गावातल्या स्पीडला ठीक, हायवेला एए मिळालं तर उत्तम.

आणि पाठीतला पॅड बाहेर काढून बघच. बऱ्याच जॅकेटात खांद्याला कोपराला चांगले सीई (युरोपात तपासलेले) पॅड देतात आणि पाठीत स्पंजचा तुकडा कोंबतात. त्या जागी लेव्हल २ चा पॅड टाक. चाचणीत लेव्हल १ चा पाठीचा पॅड सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत धक्का पुढे जाऊ देतो, लेव्हल २ ला ती मर्यादा ९ आहे. निम्मी.

भर_दुपारी
मुठा, पॅडचं १०० टक्के बरोबर. पण मेश घेऊन विषय संपत नाही रे, सुरू होतो. माझं गाव यवतमाळकडे, २०१९ पासून दर उन्हाळ्यात जाऊन येऊन आहे म्हणून सांगतोय.

साधा हिशोब बघा. आपली कातडी साधारण ३५ डिग्रीला असते. बाहेरची हवा त्याहून थंड असली की वारा लागला की बरं वाटतं, पंख्यासारखं. हवा ४३ ची झाली की तोच वारा तुम्हाला तापवतो. मेश घालून ८० ने जाताना तुम्ही लोहाराच्या भात्यासमोर छाती उघडी टाकून बसलेले असता. मग वाचवतं कोण? घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. पण मेशमधून वारा एवढा येतो की घाम धड कामाला यायच्या आधीच उडतो. अंग कोरडं ठक्क, माणसाला वाटतं वा आपल्याला घामच येत नाहीये, आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. शरीर घाम काढायचा तेवढाच काढणार ना, टाकी रिकामी होईपर्यंत.

म्हणून ४० च्या वर माझा प्रकार उलटा. आत ओलं, वर बंद. ओला टी-शर्ट किंवा वेस्ट, त्यावर साधं टेक्सटाइल (जाड कापडाचं) जॅकेट, पुढच्या चेन बंद, फक्त मनगट आणि गळ्याशी थोडी फट. हवा हळू शिरते, ओल हळू वाळते, गारवा टिकतो. नागपूरचा कूलर काय करतो? ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. तुम्ही स्वतःच कूलर व्हायचं.

मुठा_रायडर
४५ डिग्रीत जॅकेट बंद करून जायचं?? भावा हे वाचून कोणीतरी मरेल.

भर_दुपारी
आत कोरडं ठेवून बंद केलं तर मरेलच. टाकीफुल्लची वाफ झाली ती त्यामुळेच, काळं जॅकेट, आत पाणी नाही, बाहेर जायला वाट नाही. मी ओलं म्हणतोय. ओलं. पाणी संपलं की चेन उघड आणि पुढच्या नळाला थांब.

काजूची_बी
थांबा थांबा, हे आमच्या रत्नागिरीत करू नका कोणी. मी भर_दुपारी यांचाच असाच एक प्रतिसाद मागे वाचून महागातला कूलिंग वेस्ट मागवला आणि मे मधे पावसहून राजापूरला गेलो. बाहेर ३४ डिग्रीच असेल पण हवेत एवढं पाणी की वेस्टमधलं पाणी वाळेचना. तीन किलो ओलं फडकं अंगाला गुंडाळून पोहोचलो, बायको म्हणाली विहिरीत पडलात काय. कोकणात, गोव्यात, मुंबईत मेशच, जेवढी हवा लागेल तेवढी चांगली. सिग्नलला थांबलं की संपलं ते वेगळं.

भर_दुपारी
अहो तेच तर, मुंबईत कूलर कोण लावतं? जिथे कूलर चालतो तिथे वेस्ट चालतो. चूक माझी, तेव्हा लिहायला हवं होतं.

अबूधाबीकर
दोघांचंही बरोबर आहे आणि आमच्याकडे दोन्ही एका तासात बघायला मिळतं. ऑगस्टमधे इथे किनाऱ्याला घराबाहेर आलं की चष्म्यावर धुकं येतं, वेस्टचा उपयोग शून्य. तोच वेस्ट आत वाळवंटात अल ऐनच्या बाजूला गेलं की मस्त काम करतो. इथली शहाणी मंडळी उन्हाळ्यात पहाटे चारला निघतात आणि आठ साडेआठला गाडी परत पार्किंगमधे. गियर कुठलंही घ्या, त्याहून भारी गियर घड्याळ आहे.

हिरवी_मिरची
बायकांच्या बाजूने थोडं. मी अकोल्याची, आता पुण्यात. तुम्ही मुलं पुण्यातल्या मुलींच्या स्कार्फवर आणि सनकोटावर एवढे जोक करता, पण उन्हात अंग पूर्ण झाकायचं हे त्यांना आधी कळलंय आणि तुम्हाला आत्ता धागा काढून कळतंय :) अकोल्यात कडक उन्हात हाफ शर्टात फिरणारा माणूस बाहेरगावचाच असतो.

टाकीफुल्ल, तुमच्यासाठी तीन गोष्टी. दुपट्टा ओला करून गळ्याभोवती घ्या, मानेला गारवा मिळाला की अर्धं काम होतं, पण त्याची दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा. मागे उडणारं टोक चाकात किंवा चेनमधे गेलं तर काय होतं ते मी कॉलेजच्या रस्त्यावर एकदा बघितलंय, लिहीत नाही. दुसरं, हेल्मेटखाली पातळ बालाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारी टोपी), तोही ओला करता येतो, शिवाय हेल्मेटचं अस्तर खारं होत नाही. आणि काच बंद ठेवा. लोकांना वाटतं काच उघडली की वारा, पण त्या झळेनं डोळे असे कोरडे होतात की पापणी मिटताना वाळू घासल्यासारखी लागते.

रंग फिका घ्या. काळं चांगलं दिसतं मान्य आहे.

जुनी_बुलेट
एवढं काय हो, आम्ही १९९५ साली सुती सदरा घालून खिशात कांदा ठेवून अमरावती पुणे केलंय, काही झालं नाही. हल्लीची पिढी नाजूक.

संत्राबर्फी
काका कांद्यानं ऊन लागत नाही असं माझी आजीबी म्हणे. फक्त ती कांदा खिशात ठेवून घरात बसे.

ताकपिता_डॉक्टर
कांदा जेवणात खा, खिशात ठेवून काही होत नाही. मी जिल्हा ठिकाणी प्रॅक्टिस करतो, एप्रिल-मे मधे ऊन लागलेले पेशंट रोज बघतो म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तरी वाचा.

तहान लागायची वाट बघू नका. हेल्मेट काढायचा कंटाळा म्हणून लोक दीडदीडशे किलोमीटर पाणी पीत नाहीत. नळीवाली पाण्याची पिशवी पाठीला लावा, चालता चालता घोट घोट घ्या. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही चांगलं नाही, घामातून मीठ जातं ते भरलं पाहिजे. जलसंजीवनीची पुडी केमिस्टकडून घ्या, तयार गोड ज्यूस नको. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक, कैरीचं पन्हं हे सोन्यासारखं. बीपीची गोळी चालू असेल तर, त्यातल्या काही गोळ्या लघवी वाढवतात, निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा. लघवी गडद पिवळी झाली किंवा चार तासांत लागलीच नाही तर तुम्ही मागे पडलायत असं समजा.

आता बाईकवाल्यांसाठी खास. डोकं दुखणं, मळमळ, पिंडरीत गोळे येणं हे पुढचे टप्पे झाले. त्याआधी माणूस चिडका होतो. उगाच ट्रकवाल्याला शिव्या, वळण चुकणं, इंडिकेटर चालूच राहणं. हे झालं की सावलीत थांबायचं, पुढच्या गावाची वाट बघायची नाही. आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं गरम झालं तर तो उष्माघात, मग घाम येतोय की नाही यावर वाद घालू नका. १०८ ला फोन, सावली, कपडे सैल, अंगावर पाणी ओतत वारा घाला. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देऊ नका, त्या तापावर ती चालत नाही.

मुठा_रायडर
डॉक्टर भारी लिहिलंत.

एक राहिलं, हातमोजे. छोट्या मनगटाचे, वर जाळी, पण तळहाताला चामडं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूला प्लॅस्टिकचा स्लायडर (रस्त्यावर घसरणारा तुकडा) असलेले घे. पडताना माणूस आधी हात टेकतो. लेबलवर ईएन १३५९४ आणि केपी लिहिलेलं असेल तर बोटांच्या गाठींचीही चाचणी झालीये. पूर्ण चामड्याचे काळे स्वस्तातले घेतलेस तर घामाने रंग सुटेल, माझे हात तीन दिवस निळे होते, ऑफिसमधे सगळ्यांनी विचारलं मतदान केलंस का दोन्ही हातांनी.

बूट घोट्याच्या वर. स्पोर्ट शूज हवेशीर असतात, पहिल्या आपटीत पायातून निघून जातात.

पॅडमॅन_नाही
पॅडबद्दल एक बारीक गोष्ट. ते जे मऊ, वाकणारे पॅड असतात ना, धक्का बसला की कडक होणारे, ते तापमानाप्रमाणे बदलतात, उन्हात जास्त मऊ पडतात. पॅडवरच छोट्या अक्षरांत टी प्लस छापलेलं असेल तर तो ४० डिग्रीलाही तपासलाय. टी मायनस म्हणजे उणे १०, लडाखला कामाचं. ही चाचणी ऐच्छिक असते त्यामुळे सगळ्यांवर नसते. टाकीफुल्ल तुझ्या जुन्या जॅकेटातले पॅड काढून बघ, टी प्लस असेल तर नवीन कशाला, तेच टाक.

टाकीफुल्ल
लोकहो, मनापासून आभार. पॅड काढून बघितले, खांदे कोपरांवर टी प्लस आहे!! पाठीत स्पंज निघाला. मुठा तुला नमस्कार.

काल रविवारी प्रयोग केला. मित्राचं मेश जॅकेट आणि माझ्या चुलतभावाचं फिकं राखाडी टेक्सटाइल, ज्याच्या छातीवरचे पडदे उघडतात आणि बंदही होतात, अशी दोन्ही घेऊन दुपारी एकला सोलापूर रोडने निघालो. फोनवर ३९ दाखवत होतं. आत तोच ओला सुती टी-शर्ट, नळाखाली भिजवून पिळलेला. मेशमधे पहिली दहा मिनिटं स्वर्ग. अक्षरशः थंडी वाजली. यवत यायच्या आधी टी-शर्ट पापडासारखा कडकडीत. मग टोलनंतर थांबून परत भिजवला आणि राखाडी घातलं, पडदे बंद. सुरुवातीला स्वर्ग वगैरे काही नाही, नुसतं ओलसर, जरा कसंतरीच, पण भिगवणला पोहोचलो तेव्हा पाठ अजून ओली होती आणि डोकं ठिकाणावर. मासे खाऊन परत आलो.

तर राखाडीसारखंच घेतलं. उघडबंद होणारं, सेलमधे साडेनऊला, हातमोजे अडीचला, पाठीचा पॅड वेगळा. कूलिंग वेस्टला पैसे उरले नाहीत, म्हणून आईने जाड सोलापुरी टॉवेलला मधोमध डोक्यापुरतं भोक पाडून कडा शिवून दिल्या, दोन्ही बाजूंना नाडी. पुढे मागे लोंबतं. आरशात बघितलं तर शाळेच्या नाटकातला मावळा दिसतोय पण टॉवेल पाणी भरपूर धरतो.

भर_दुपारी
भारी! टॉवेल थेट अंगावर नको, आत पातळ ड्रायफिट (लवकर वाळणारा टी-शर्ट) घाल, नाहीतर काखेत सोलवटेल. आणि पिळून घाल, ठिबकत ठेवू नको.

हवेचा दाब पहाटे टायर गार असताना बघ. दुपारी पंपावर जास्त दाखवतोय म्हणून हवा सोडायची नाही, तापल्यावर तो वाढतोच.

संत्राबर्फी
अन् मेहकरले मुक्काम करजा. एका दिवसात येतो म्हणाल तं दुपारी दोन वाजता कारंजाच्या पुढं असाल, तिथं रस्त्यावर कुत्रंबी नसते.

टाकीफुल्ल
पोहोचलो!! सविस्तर लिहितो, लग्नघर आहे, वर गच्चीत लपून टाइप करतोय.

२६ ला पावणेचारला निघालो. नगरला पहिला चहा, उजाडत होतं. संभाजीनगर बायपासपर्यंत पडदे उघडे, मस्त वारा. जालन्याला साडेनऊ, तिथे पहिल्यांदा टॉवेल भिजवला, त्याच पंपावर, तोच पोरगा नव्हता. पडदे बंद. सिंदखेडराजाला पाच मिनिटं थांबलो, मेहकरला पावणेबाराला आत. एका लॉजमधे कूलरवाली खोली, दुपारभर झोप. बाहेर ४४ म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला निघून पुलगावला साडेआठ, वर्ध्याला टॉवेलचा दुसरा डोस, साडेदहाला सासुरवाडीच्या दारात. पहिल्या दिवशी पाच लिटर पाणी, त्यात तीन पुड्या.

गडबड एकच झाली, फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला होता, ओला टॉवेल त्याला टेकून. जालना ते मेहकर स्क्रीनवर आपोआप बोटं चालत होती आणि कोणाकोणाला फोन लागले देव जाणे. ऑफिसात बॉसला लागलेला एक कळलाय.

डॉक्टर, तुमचं ते चिडचिडीचं अगदी खरं. मेहकरच्या अलीकडे एका ट्रॅक्टरवाल्यावर मी उगाचच भडकलो, तो बिचारा बरोबर डावीकडून चालला होता. लगेच बाभळीखाली थांबून अर्धा लिटर पाणी प्यायलो. बाभळीची सावली ती केवढी, पण थांबलो.

टॉवेल दोरीवर वाळत घातला होता तर सासूबाईंनी मधलं भोक बघून पायपुसणं समजून मोरीपाशी टाकला. धुऊन परत मिळवलाय.

आता प्रश्न परतीचा. ४ जूनला निघतोय. इथे काल संध्याकाळी ढग आले, चार थेंब पडले, लोक म्हणतायत पुढच्या आठवड्यात असंच राहील. मग टॉवेल की उघडे पडदे? आकडा अजून ४१ आहे, ऊन कमी नाहीये.

काजूची_बी
ढग म्हटलं की माझ्या अंगावर अजून ते तीन किलो फडकं येतं.

संत्राबर्फी
आकडा नका पाहू भाऊ. पहाटे निघाच्या आधी सासऱ्याच्या हॉलमधल्या कूलरसमोर दहा मिनिटं बसा. गार लागलं तं टॉवेल भिजवा. चादर अंगाले चिकटली अन् मामंजी म्हणाले का पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेव, तं टॉवेल ड्रायफिटमधे गुंडाळून डिक्कीत, पडदे सारे उघडे. अन् तो टॉवेल मोरीपाशी ठेवू नका बुवा.